शाक्यांचें ताट आणि कोसलांचें सिंहासन

बुद्धकालीन राजघराण्यांची हकीकत शालेय पुस्तकांत बहुधा एका वाक्यांत आटोपलेली असते. अजातशत्रूनें आपला पिता बिंबिसार याला बंदींत टाकून मारलें आणि मगधाचें राज्य घेतलें, हें तें वाक्य. त्याच सुमारास गंगेच्या उत्तरेस कोसल देशांतहि एका पुत्रानें पित्याचें सिंहासन घेतलें, आणि तें हातीं येतांच पहिली स्वारी केली ती आपल्या आजोळावर. मगधांतील प्रकार लोभाचा. तो समजावयास फारसे कष्ट पडत नाहींत. कोसलांतील प्रकाराच्या मुळाशीं एक जेवणाचें ताट होतें. भगवान् बुद्ध ज्या कुळांत जन्मले त्या शाक्यकुळाचा संहार त्या ताटापासून सुरू झाला, असें बौद्ध परंपरा सांगते. आणि सांगतांना आपल्या शास्त्याच्या आप्तांचा दोष ती झांकीत नाहीं.

शाक्यांचा मुलूख हिमालयाच्या पायथ्याशीं, आजच्या नेपाळच्या तराईंत व तिला लागून असलेल्या उत्तर प्रदेशाच्या भागांत होता. मुख्य नगर कपिलवस्तु. तेथें एकछत्री राजा नव्हता. कुळांतील क्षत्रिय संथागार नांवाच्या सभागृहांत जमत आणि कारभार चालवीत. शुद्धोदनाला सार्वभौम राजाच्या थाटांत रंगविण्याची चाल पडली आहे ती पुढच्या काव्यांमुळें. प्रत्यक्षांत भातशेतीवर जगणाऱ्या आणि आपल्या रक्ताचा विलक्षण अभिमान बाळगणाऱ्या एका लहानशा गणाचे ते प्रमुख गृहस्थ होते. हा गण पुरता स्वतंत्रहि नव्हता. शाक्य हे कोसलराजाचे अंकित असून त्याला नमस्कार करतात, असें दीघनिकायांतील अग्गञ्ञ सुत्तांत खुद्द बुद्धांच्या तोंडीं आलें आहे. म्हणजे सत्ता कोसलांची आणि कुळाचा तोरा शाक्यांचा, अशी ही विषम जोडी होती.

या तोऱ्याचें मूळ शाक्यांच्या उत्पत्तिकथेंत सांपडतें. ओक्काक म्हणजे इक्ष्वाकु राजाला आवडत्या राणीच्या मुलाला गादी द्यावयाची होती, म्हणून त्यानें थोरल्या मुलांना देशाबाहेर घालविलें. कैकेयीच्या हट्टाची आठवण येथें कोणासहि होईल. हे राजपुत्र हिमालयाच्या पायथ्याशीं शाकवृक्षांच्या वनांत येऊन राहिले, आणि जातींत भेसळ होऊं नये म्हणून त्यांनीं आपल्या बहिणींशींच विवाह केले. कथा अक्षरशः खरी धरण्याचें कारण नाहीं. परंतु जें कुळ आपल्या पूर्वजांची अशी गोष्ट भूषण म्हणून सांगतें, त्याच्या सोयरिकीच्या कल्पना किती कडक असतील याचा अंदाज तीवरून येतो.

ही कथा ज्या अंबट्ठ सुत्तांत आली आहे तेथेंहि ती एका मानापमानाच्या निमित्तानेंच आली आहे. अंबट्ठ नांवाचा ब्राह्मण तरुण कपिलवस्तूच्या संथागारांत गेला असतां उच्चासनांवर बसलेले शाक्य एकमेकांना बोटांनीं टोंचून हंसत राहिले; त्याला कोणी बस म्हटलें नाहीं. त्यानें ही तक्रार बुद्धांपुढें मोठ्या तावातावानें मांडली व शाक्यांना हलकें लेखलें, तेव्हां त्याच्याच गोत्राचा मूळपुरुष कण्ह हा इक्ष्वाकूच्या दासीचा मुलगा होता, याची बुद्धांनीं त्याला आठवण दिली. बरोबरीचे तरुण अंबट्ठाला हिणवूं लागले. त्यांना बुद्धांनीं लगेच थांबविलें, आणि तो दासीपुत्र पुढें थोर ऋषि झाला हेंहि सांगितलें. संथागार, आसन आणि दासीपुत्र हीं तिन्हीं पुढें पुन्हां भेटावयाचीं आहेत.

शेजारच्या कोलियांशीं शाक्यांचा बेटीव्यवहार होता. तरी भांडण पेटलें कीं तें जन्मावरच जाई. रोहिणी नदीला दोघांनीं मिळून बांध घातलेला होता. ज्येष्ठांत पाणी आटलें, पिकें वाळूं लागलीं, आणि आधीं कोणीं पाणी घ्यावें यावरून शेतावरचे गडी एकमेकांवर हात टाकूं लागले. कोलियांनीं शाक्यांचे बहिणींशीं लग्न लावणारे पूर्वज काढले, शाक्यांनीं कोलियांचे बोरीच्या झाडांत राहिलेले कुष्ठी पूर्वज काढले, आणि गड्यांचें भांडण क्षत्रियांच्या शस्त्रांपर्यंत गेलें. बुद्ध मध्यें आले तेव्हां पाण्याचें मोल किती आणि क्षत्रियांचें किती, एवढेंच त्यांनीं विचारलें, अशी कथा आहे. धर्मानंद कोसंबी यांनीं १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथांत, वृद्ध, रोगी व प्रेत पाहून गौतमानें घर सोडलें ही काव्यमय हकीकत बाजूस ठेवून, माणसांनीं परस्परांवर शस्त्र धरण्याचा आलेला वीट हें कारण पुढें मांडलें. रोहिणीकांठचें हें वातावरण लक्षांत घेतलें तर तें मत सहज टाकून देतां येत नाहीं.

आतां कोसलाकडे वळूं. श्रावस्तीस प्रसेनजित, पालि ग्रंथांतला पसेनदि, राज्य करीत होता. काशीहि त्याच्याच ताब्यांत होती. बुद्धांचा तो समवयस्क आणि चाहता. खाण्याचा शौकी, थोडा उतावळा, थोडा संशयी, परंतु मनाचा मोकळा असा हा राजा सुत्तांतून मोठा जिवंत दिसतो. त्यानें भिक्षुसंघाला राजवाड्यांत नित्य भोजन ठेवलें. मात्र वाढावयास कोणी आपुलकीचें माणूस नेमण्याचें त्याच्या ध्यानांत राहिलें नाहीं. भिक्षु वाढलेलें अन्न उचलून अनाथपिंडिकाच्या नाहींतर विशाखेच्या घरीं जाऊन जेवूं लागले. एके दिवशीं राजा पाहतो तों एकटा आनंद मागें राहिलेला. तो रागावला. भिक्षूंना तुमच्या घरीं विश्वास वाटत नाहीं, असें बुद्धांनीं त्याला सांगितलें. यावर राजानें काढलेला उपाय राजालाच सुचावा असा होता: विश्वास हवा तर बुद्धांचें आप्त व्हावें, आणि आप्त व्हावयाचें तर शाक्यांची मुलगी करावी.

ही भक्तीची बाजू झाली. राजकारणाची बाजूहि होतीच. वाढत्या राज्यांना जुन्या क्षत्रिय कुळांशीं सोयरीक हवी असे. बिंबिसारानें प्रसेनजिताची बहीण केली होती, आणि जैन ग्रंथांप्रमाणें वैशालीच्या चेटकाची कन्या चेल्लणा हीहि त्याचीच राणी. अशा लग्नांत मुलीबरोबर गांवें जात, स्नेह जाई, आणि प्रसंगीं तंटाहि जाई.

मागणी आली तेव्हां शाक्य विचारांत पडले. नाहीं म्हणावें तर राजा मुलूख उध्वस्त करील. हो म्हणावें तर कुळाला बट्टा लागेल. महानामानें वाट काढली. हा महानाम बुद्धांचा चुलतभाऊ, अनुरुद्धाचा सख्खा भाऊ, आणि मोठा श्रद्धाळू उपासक. नागमुंडा नांवाच्या दासीपासून त्याला वासभखत्तिया ही रूपवती मुलगी झाली होती. बाप क्षत्रिय, तेव्हां मुलगी क्षत्रिय म्हणतां येईल, तिलाच द्यावें. परंतु कोसलाचे दूत कच्चे नव्हते. शाक्यांचा कुलाभिमान त्यांना पुरता ठाऊक होता. मुलगी तुमच्यासह एका ताटांत जेवत असेल तरच तिला नेऊं, असें त्यांनीं सांगितलें. ज्या समाजांत पंगत हाच कुळाचा दाखला, तेथें याहून पक्की परीक्षा दुसरी कोणती असणार?

मग एखाद्या नाटकांत शोभावें असें तें जेवण झालें. मुलीला अलंकार घालून आणलें. महानाम ताटावर बसला होता. बाबांबरोबर जेवावयाचें म्हणून मुलीनें ताटांत हात घातला, आणि महानामाचा हात पुढच्या घासाकडे वळणार तोंच, ठरल्याप्रमाणें, दुसऱ्या एका राजाचा तांतडीचा लेख घेऊन माणूस आंत आला. ‘तूं जेव, बाळ,’ असें म्हणून महानामानें उजवा हात ताटांतच राहूं दिला, डाव्या हातानें लेख धरला आणि तो वाचीत बसला. मुलीचें जेवण आटोपलें तेव्हां त्यानें हात व तोंड धुतलें. दूतांनीं सारें डोळ्यांनीं पाहिलें आणि त्यांची खात्री पटली. त्या मुलीला यांतलें काय कळलें असेल तें ग्रंथकारानें सांगितलेलें नाहीं. पण बापाच्या ताटांत तिचा हात पडला तो त्या एकाच दिवशीं, आणि तोहि परक्यांना दाखविण्यासाठीं, हें तिला न कळण्यासारखें नव्हतें.

श्रावस्तीस तिला अभिषेक झाला. मुलगा झाला तेव्हां राजानें आपल्या आजीकडे नांव विचारावयास माणूस पाठविला. आजीनें ‘वल्लभ’ अशा अर्थाचें कांहीं म्हटलें. निरोप्या अमात्य कानानें मंद, त्यानें ‘विडूडभ’ ऐकलें, आणि तेंच नांव राहिलें. इतर राजपुत्रांना आजोळाहून खेळण्यांतले हत्तीघोडे येत. याला कधीं कांहीं आलें नाहीं. आजोळ दूर आहे, अशी आईनें समजूत घातली. ती पुरली सोळाव्या वर्षापर्यंत. मग तो हट्टानें निघाला. आईनें आधींच महानामाला कळवून ठेविलें.

कपिलवस्तूंत त्याचें आदरातिथ्य उत्तम झालें. हे मातामह, हे मातुल, अशी ओळख होत गेली आणि तो वांकून नमस्कार करीत गेला. वांकतां वांकतां पाठ दुखली, परंतु उलट नमस्कार करावयास कोणी पुढें येईना. त्याच्याहून लहान असलेल्या साऱ्या मुलांना शाक्यांनीं आधींच खेडोपाडीं पाठवून दिलें होतें. विडूडभाला तेव्हांहि संशय आला नाहीं. तो निघून गेल्यावर त्याचा एक शिपाई विसरलेलें हत्यार घ्यावयास परत आला, तों संथागारांत एक दासी दुधाच्या पाण्यानें एक आसन धूत होती, आणि दासीपुत्र येथें बसला होता म्हणून तोंड टाकीत होती. तिच्या तोंडून शिपायानें सर्व ऐकलें, आणि सैन्यांत कुजबूज होऊन तें राजपुत्रापर्यंत पोंचलें. आज हें आसन दुधानें धूत आहेत. राजा झाल्यावर आपण तें यांच्या गळ्यांतील रक्तानें धुवूं, असा त्यानें निश्चय केला.

प्रसेनजिताला कळतांच त्यानें मायलेकांचा सारा मान काढून घेतला आणि दासदासींस मिळेल तेवढें त्यांना देऊं केलें. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. त्याची लाडकी राणी मल्लिका जातककथेप्रमाणें माळ्याची मुलगी होती. हलक्या कुळाची बायको त्याला वर्ज्य नव्हती. त्याला झोंबली ती फसवणूक. आणि फसवणुकीचा राग त्यानें काढला तो फसविणाऱ्यांवर नव्हे, फसलेल्या मुलीवर आणि तिच्या मुलावर. बुद्धांनीं दिलेला निर्णय मोठा स्वच्छ आहे. शाक्यांनीं अनुचित केलें, द्यावयाची तर बरोबरीची मुलगी द्यावयास हवी होती; परंतु वासभखत्तिया राजाची मुलगी आहे, राजाच्या घरीं तिला अभिषेक झाला आहे, आणि विडूडभ राजाचाच पुत्र आहे. आईचें गोत्र काय करावयाचें? पित्याचें गोत्र प्रमाण. पूर्वी लांकडें वेंचणाऱ्या बाईचा मुलगा काशीचा राजा झालेला आहे. प्रसेनजितानें ऐकलें आणि मान परत दिला. सिंहासनाचा प्रश्न धर्मतः येथें सुटला होता. पण तो कोसलांत सुटला, कपिलवस्तूंत नव्हे.

वरील कथाभाग धम्मपदाच्या व जातकाच्या अट्ठकथांतला, म्हणजे मूळ घटनेनंतर सुमारें एक हजार वर्षांनीं आजच्या रूपांत आलेला आहे. मूळ सुत्तांत विडूडभ भेटतो तो असा: मज्झिमनिकायांतील पियजातिक सुत्तांत राजा आपल्या जिवलगांत वासभखत्तिया आणि विडूडभ या दोघांचें नांव मान्य करतो, आणि तेथें विडूडभ सेनापति आहे. कण्णकत्थल सुत्तांत तो आनंदाला विचारतो कीं, एका प्रकारचे देव दुसऱ्या वरच्या देवांना त्यांच्या स्थानावरून हुसकून लावूं शकतील काय? आनंदानें उत्तर देतांना राजा आणि राजाचा मुलूख यांचाच दृष्टांत घेतला. प्रश्न निव्वळ तत्त्वज्ञानाचा असेलहि. पण गादीजवळ उभ्या असलेल्या मुलानें बापासमोर तो विचारावा, यांत वाचकाला थोडें अस्वस्थ करणारें कांहीं आहे.

बापानें आपला नाश स्वतःच्या संशयानें जवळ आणला. कुशीनाऱ्याचा बंधुल मल्ल हा तक्षशिलेंतील त्याचा सहाध्यायी. आपल्याच ज्ञातींनीं केलेल्या कपटामुळें रुसून तो कोसलांत आला आणि सेनापति झाला. एका खटल्यांत त्यानें न्याय नीट केला म्हणून राजानें न्यायाचें कामहि त्याच्याकडे दिलें. ज्यांची लांच बुडाली त्या जुन्या न्यायाधीशांनीं, बंधुल राज्य घेऊं पाहतो, असें राजाच्या कानीं घातलें. राजानें त्याला सीमेवरचें बंड मोडण्याच्या मिषानें पाठवून मुलांसह ठार करविलें. मागाहून तो निर्दोष होता हें कळलें, तेव्हां पश्चात्तापानें त्याचा भाचा दीघकारायण यास सेनापति नेमलें. मारलेल्याच्या भाच्याच्या हातीं सैन्य द्यावें, हें औदार्य खरें, शहाणपण नव्हे.

मज्झिमनिकायांतील धम्मचेतिय सुत्त हें या राजाचें अखेरचें दर्शन. बुद्ध तेव्हां मेदळुंप नांवाच्या शाक्यांच्या गांवीं होते. राजानें आपलें खड्ग आणि उष्णीष दीघकारायणाच्या हातीं दिलें, एकट्यानें जाऊन दार ठोठावलें, आणि बुद्धांच्या पायांवर डोकें ठेविलें. राजे राजांशीं भांडतात, आई मुलाशीं, बाप मुलाशीं, असें तो बोलला. भिक्षु मात्र दुधांत पाणी मिसळावें तसे एकोप्यानें राहतात. शेवटीं आपल्या प्रेमाचीं कारणें सांगतांना तो म्हणाला कीं भगवान् क्षत्रिय आणि आपणहि क्षत्रिय, भगवान् कोसलांतले आणि आपणहि कोसलांतले, दोघेहि ऐशीं वर्षांचे. ज्या आप्तपणासाठीं त्यानें शाक्यांकडे मुलगी मागितली होती, तो त्यानें त्या झोंपडींत असा, कोणाची मुलगी मध्यें न आणतां, बोलून दाखविला.

तो बाहेर आला तेव्हां, अट्ठकथेप्रमाणें, एक घोडा आणि एक दासी एवढींच उभीं होतीं. दीघकारायण राजचिन्हें घेऊन श्रावस्तीस गेला होता, आणि विडूडभाला गादीवर बसविणार होता. म्हातारा राजा भाच्याची मदत मागावयास राजगृहाकडे निघाला. हा भाचा म्हणजे अजातशत्रु. बिंबिसाराच्या वधानंतर प्रसेनजिताची बहीण झुरून मेली, तेव्हां तिच्या लग्नांत दिलेलें काशीचें गांव त्यानें परत घेतलें होतें. त्यावरून दोघांचीं युद्धें झालीं होतीं, आणि भाचा हातीं सांपडला असतां मामानें त्याला सोडून देऊन आपली मुलगी वजिरा दिली होती. राजगृहाला पोंचेपर्यंत रात्र झाली, वेशी बंद झाल्या. उन्हावाऱ्यानें थकलेला राजा वेशीबाहेरच्या एका शाळेंत पडला आणि रात्रींतच वारला. सकाळीं दासीच्या आक्रोशावरून लोकांना कळलें. अजातशत्रूनें उत्तरक्रिया थाटानें केली.

विडूडभ सैन्य घेऊन निघाला. सीमेपाशीं बुद्ध एका विरळ सावलीच्या झाडाखालीं बसलेले त्याला दिसले. जवळच त्याच्या हद्दींत दाट वड होता. उन्हांत कां बसलांत असें विचारतां, आप्तांची छाया शीतल असते, असें उत्तर आलें. तो समजला आणि माघारीं फिरला. असें तीनदां झालें. चौथ्या वेळीं बुद्ध गेले नाहींत. शाक्यांनीं पूर्वजन्मीं नदींत विष टाकलें होतें, त्याचें फळ टळणार नव्हतें, असें कारण ग्रंथकार देतो. हें कारण मागून लावलेल्या ठिगळासारखें दिसतें. आणि म्हणूनच मूळ गोष्ट खरी असावी असें वाटतें. आपला शास्ता आपल्याच आप्तांना वांचवूं शकला नाहीं, ही गोष्ट भक्त आपण होऊन रचीत नाहींत.

शाक्य बुद्धांचे उपासक. त्यांनीं बाण सोडले ते माणसांना चुकवून. विडूडभाची आज्ञा होती कीं जे आपणांस शाक्य म्हणवितील त्यांना मारावें, आजोबांजवळ असतील त्यांना सोडावें. कांहींनीं गवताची काडी दांतांत धरली, कांहींनीं बोरू धरला. शाक्य आहांत काय, असें विचारतां ‘शाक नव्हे, तृण’ असें म्हणून खोटें न बोलतां ते सुटले. बाकीच्यांची कत्तल झाली, दूध पिणारीं मुलेंहि सुटलीं नाहींत, आणि आसन रक्तानें धुतलें गेलें.

परतीच्या वाटेवर न्याहारीची वेळ झाली. विडूडभानें पंगत मांडली आणि आजोबांना बोलावलें: आपण एकत्र जेवूं. सर्वस्व बुडालेला तो वृद्ध महानाम दासीच्या नातवाबरोबर जेवावयास तयार झाला नाहीं. जवळ तळें होतें. अंग धुऊन येतों म्हणाला, केस सोडून पुढें गांठ मारली, पायांचे आंगठे त्यांत अडकविले आणि पाण्यांत बुडी मारली. नागांनीं त्याला बारा वर्षें ठेविलें असें कथा म्हणते. तो तिचा दयाळूपणा. जन्मानें कोणी नीच ठरत नाहीं हें ज्याच्या चुलतभावानें जन्मभर सांगितलें, त्याच्या उपासकांतल्या एका उत्तम माणसाला तें सर्व ऐकतां आलें, दान देतां आलें, शील पाळतां आलें; एका ताटांत जेवणें तेवढें जमलें नाहीं. एकदां लेकीबरोबर जेवल्याचा बहाणा करून तो सुटला होता; नातवापुढें कोणी पत्र घेऊन येणारा नव्हता.

विडूडभाचें सैन्य त्या रात्रीं अचिरावतीच्या म्हणजे आजच्या राप्तीच्या वाळवंटांत उतरलें आणि पुरानें वाहून गेलें, अशी कथेची अखेर आहे. हा पूर वेळेवर आला आहे, इतकेंच म्हणावें. पुराणांच्या इक्ष्वाकुवंशावळींत विडूडभाचें नांव नाहीं. तेथें प्रसेनजितानंतर क्षुद्रक येतो, आणि गंमत म्हणजे शाक्य व शुद्धोदन हींहि त्याच वंशावळींत ओंवलेलीं आहेत. कोसल पुढें मगधांत बुडाला.

शाक्य मात्र समूळ नष्ट झाले नसावेत. महापरिनिब्बान सुत्तांत बुद्धांच्या अस्थींचा वाटा मागणाऱ्यांत कपिलवस्तूचे शाक्य आहेत. सातव्या शतकांत चिनी यात्रिक ह्युएन त्संग यानें संहाराच्या जागीं उभारलेले स्तूप पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. आणि १८९८ सालीं, आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यांतील पिप्राहवा येथील स्तूप पेप्पे नांवाच्या जमीनदारानें खणला, तेव्हां अस्थींचें एक शंखजिऱ्याचें पात्र निघालें. झांकणावर ब्राह्मी अक्षरें आहेत. त्या अस्थि बुद्धांच्या, शाक्यांनीं ठेविलेल्या, असें बहुतेक विद्वान् वाचतात. मुंबई इलाख्यांत सनदी नोकरी केलेल्या फ्लीट यांनीं मात्र तो लेख विडूडभानें मारलेल्या शाक्यांच्या अस्थींचा म्हणून लाविला. फ्लीट यांचें मत टिकलें नाहीं. लेख अगदीं लहान आहे, आणि त्यांत भावांबरोबर बहिणी, मुलें व बायका यांचा उल्लेख आहे.